गोठ्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून काढून नेपियरला (चाऱ्याच्या गवताला) दिलं तर चालतं का?

मळेकरी: राम राम मंडळी. संगमनेरकडं आमच्या १२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत, गोठा दोन टाइम धुतो, रोजचं ५००-६०० लिटर पाणी निघतं ते सगळं शोषखड्ड्यात, आणि खड्डा विहिरीपासून जेमतेम ५० फुटांवर. परवा पाणी तपासलं तर नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर आलंय. घरात बाळ आहे. कर्दळ लावून पाणी साफ करतात म्हणे, जमेल का?

रानमाती: दादा, आधी बाळाला ते पाणी आजच बंद करा, उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. आता वाफ्याचं. आमचा २० बाय ७ फूट, २ फूट खोल, खाली शेततळ्याचा कागद, वर खडी. खडीत पोकळी ४० टक्केच धरायची, म्हणजे तुमचं पाणी साधारण ५ दिवस आत राहील, पण शेणाचं पाणी लई जड असतं, असे दोन तरी एकापुढं एक करा. आम्ही सुरुवातीला गोठ्याचं पाणी थेट सोडलं, आठ महिन्यांत ते खडीवर तुंबलं, तोंडाकडं उकरलं तर नुसता काळा चिकट गाळ, हाताचा वास दोन दिवस जाईना. सगळी खडी काढून धुवावी लागली. आता शेण आधी फावड्यानं उचलतो, मग पाणी तीन कप्प्यांच्या टाकीत निवळतं, मगच वाफ्यात.

घासवाला: डास होत नाहीत का?

रानमाती: पाणी खडीच्या वरच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली ठेवायचं, उघडं पाणीच नाही तर अंडी घालणार कुठं. आउटलेटला फिरता एल्बो (वाकडा पाइप) लावला की लेव्हल धरता येते.

पाणकणीस: मिल्किंग मशीनचं पहिलं दुधाळ पाणी वाफ्यात अजिबात नको, दुधाचा बीओडी (घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) लाखाच्या घरात असतो आणि घरच्या सांडपाण्याचा २००-३००. बादलीत धरून गोबरगॅसला घाला. दुसरं, कायम भरलेल्या वाफ्यात हवा नसते, अमोनिया तसाच राहतो, म्हणून पहिल्या वाफ्यात पाणी वरून थोडं थोडं सोडून पूर्ण निथळू द्या, तिथं त्याचं नायट्रेट होतं आणि दुसऱ्या भरलेल्या वाफ्यात ते नायट्रोजन वायू होऊन उडून जातं. जंतू कमी होतात, संपत नाहीत, तेव्हा नेपियरला पाटानं द्या, कापणीआधी बंद ठेवा, मेथी-कोथिंबिरीला नकोच. नेपियरलाही जास्त सोडलं तर परत विहिरीतच झिरपणार.

मळेकरी: बाळाला आजपासून जारचं पाणी चालू केलं. शोषखड्डा बुजवतोच आता. कर्दळीचे कंद ओढ्याकाठी भरपूर आहेत, उद्या टाकीचा खड्डा आखतो.