नदीच्या दरडीतले पट्टे मोजून पुराची वर्षं कळतात का?

मळीवाला_सांगली
आमची भिलवडीच्या बाजूला कृष्णेकाठी थोडी मळी आहे, तिचा कडेचा तुकडा पावसात ढासळून नदीत गेला आणि आता तिथं दीड पुरुष उंचीचा काप दिसतोय, सुरीनं खरवस कापावा तसा. नुसते पट्टे, बोटभर वाळू मग वीतभर पोयटा, परत वाळू. काका म्हणतात वरचा 2021 चा पूर, खालचा 2019 चा, त्याखाली 2005, असं मोजत आजोबांच्या लग्नापर्यंत जाता येतं. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. आणि एका जागी पट्टे मधेच तुटून तिथं उभा मुरूम भरलाय, पण सगळ्यात वरचे दोन पट्टे त्याच्यावरनं सलग गेलेत, हे काय? पोरीला नववीच्या प्रोजेक्टला पाहिजे.

गाळखडक
काकांचा क्रम बरोबर, मोजणी गंडलीय. खालचं आधी वरचं नंतर हे निकोलस स्टेनोनं 1669 लाच लिहून ठेवलंय, वरचा गाळ बसायला खाली काहीतरी बसलेलं पाहिजे ना. पण एक पट्टा म्हणजे एक पूर असं नसतं. पाण्याला ओढ असते तेव्हा जड वाळू पडते आणि पूर ओसरताना पाणी थांबलं की बारीक पोयटा बसतो, म्हणजे दोन पट्टे एकाच पुराचे असू शकतात. उलट एखादा पूर काही न टाकता आधीचाच थर खरवडून नेतो. स्कॉटलंडला सिकार पॉइंटला जेम्स हटननं 1788 ला हेच बघितलं, खालचे थर जवळजवळ उभे, त्यांची डोकी झिजलेली, आणि त्यावर तांबडा वालुकाश्म नुसता कलता पसरलेला. मधली कोट्यवधी वर्षं गायब!

तो मुरूम म्हणजे बुजवलेला चर. जे थर त्यानं तोडलेत ते त्याच्या आधीचे, वरचे दोन बुजवल्यानंतरचे. पाइपलाइन कधी टाकली ते विचारा.

बोअरगाडी_सातारा
मग आमच्या घाटात डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात तो पण गाळच का?

गाळखडक
नाही ओ, तो लाव्हा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण एकावर एक वाहत आला म्हणून क्रमाचा नियम तोच. बोअर मारताना मधेच लाल पाणी येतं बघा, ती बहुतेक दोन लाव्हांमधली लाल माती. खालचा दगड उघडा पडून झिजला, माती झाली, मग वरचा लाव्हा आला. वीतभर मातीत वरच्या अख्ख्या दगडापेक्षा जास्त काळ गेलेला असू शकतो, म्हणून जाडीवरनं वय काढायचं नाही. आणि हे एकाच थप्पीपुरतं हं. नदी खोल कापत गेली की तिचे जुने गोटे उंचावर राहतात आणि नवे खाली पात्रात, तिथं फक्त उंची बघितली तर फसाल.

मळीवाला_सांगली
विचारलं. पाइपलाइन 2016 ची. म्हणजे वरचे दोन पट्टे 2019 आणि 2021, काका खूश. पण पोरगीनं खालच्या पट्ट्यातनं बिस्किटाचा कागद उकरून काढला, त्यावर पॅकिंग 11/20.

गाळखडक
भारी! थर त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही. म्हणजे दोन्ही पट्टे नोव्हेंबर 2020 नंतरचे. फक्त कागद उंदराच्या किंवा खेकड्याच्या बिळातनं खाली गेला नव्हता ना ते बघा.

मळीवाला_सांगली
बीळ नाही, कागद आडवा सपाट दाबलेला होता आणि वरचा पट्टा त्याच्यावरनं अखंड. म्हणजे 2019 चा थर इथं नाहीच. काका ऐकायला तयार नाहीत, म्हणतात तेव्हाचा गाळ मी स्वतः आठ दिवस खोऱ्यानं ओढलाय. पोरगी म्हणते, मग ओढून कुठं टाकला ते सांगा.