वर्गात एकटी पडलेली मुलगी

वर्गाने वाळीत टाकलेल्या गरीब मुलाशी ख्रिस्ती प्रेमाने वागायला लहान मुले कुठून शिकतात, असा प्रश्न विचारला जातो. त्याला पूरक म्हणून अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण द्यावेसे वाटते. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही कष्टकरी कुटुंबातील कृष्णवर्णीय मुलगी तोवर फक्त गोऱ्या मुलांसाठी असलेल्या विल्यम फ्रँट्झ शाळेत गेली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि जवळजवळ वर्षभर ती एकटीच बार्बरा हेन्री या शिक्षिकेजवळ शिकली. तिच्या वडिलांची नोकरीही गेली. अशा वेळी लॉइड फोरमन या मेथडिस्ट पंथाच्या गोऱ्या पाळकांनी शिव्या देणाऱ्या जमावातून पाच वर्षांच्या पामला, आपल्या मुलीला, त्याच शाळेत नेले. पाम रूबीच्या वर्गात नव्हती, हेही सांगायला हवे. तरीही बहिष्कृत मुलीच्या शाळेत जाणे हीच तिची सोबत होती. म्हणूनच आपल्या मुलांना ‘बिचारीला मदत कर’ असे सांगण्याऐवजी ‘तिच्या शेजारी बस, तिच्या डब्यातलेही मागून खा’ असे सांगावे, असे मला मनापासून वाटते. मला सर्वांत अधिक हलवून जाते ती मात्र रूबीच. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी नोंदवले आहे, की ती मुलगी आपल्यावर ओरडणाऱ्या त्याच जमावासाठी देवाकडे क्षमा मागत असे.