मदत हवी आहे: फ्रँकफर्ट ते मुंबई १९ तास उशीर, वर बॅग गायब. व्हाउचर घ्यावं का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आधी प्रश्न विचारते, रडगाणं खाली आहे.

विमान कंपनीने मेलवर २५० युरोचं व्हाउचर देऊ केलंय. त्यांच्याच विमानांसाठी चालेल, मुदत एक वर्ष. मेलमध्ये 'स्वीकारा' असं बटण आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात 'यानंतर प्रवाशाची कोणतीही मागणी शिल्लक राहणार नाही'. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. दाबू का?

आता घडलं काय ते. जर्मनीत आखनला मास्टर्स संपवून कायमची सांगलीला परत येत होते. फ्रँकफर्टहून दुपारी ३:२० चं विमान, आखातात बदल, आणि गुरुवारी सकाळी ६:४० ला मुंबई. दोन्ही विमानं एकाच कंपनीची, एकाच तिकिटावर. (कंपनी युरोपातली नाही. नाव लिहीत नाही, अजून त्यांच्याकडून पैसे काढायचेत.) पुढे मुंबई–कोल्हापूर विमान मी वेगळं काढलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ताईची हळद, शुक्रवारी १२:३५ चा मुहूर्त. हिशेब पक्का होता.

विमानात बसवलं आणि तासाभराने उतरवलं. कॅप्टन हायड्रॉलिक पंपाचं काहीतरी सांगत होता. निघालो साडेसातला. आखातात पोचलो पहाटे ३:३५ ला, तोवर मुंबईचं विमान दोन वाजताच गेलेलं. पुढची जागा मिळाली रात्री ९:१० च्या विमानात. म्हणजे साडेसतरा तास. काउंटरवरचा माणूस म्हणाला हॉटेल शिल्लक नाही, आणि एका जेवणाचं कूपन हातावर ठेवलं. खुर्च्यांना मधे हात होते, त्यामुळे आडवंही होता येईना. हळद व्हिडिओ कॉलवर बघितली. आजी फोनच्या पडद्यालाच हळद लावायला निघाली होती.

मुंबईत टेकलो शुक्रवारी पहाटे १:५० ला. दोनपैकी एक बॅग आलीच नाही. तक्रार लिहून बाहेर पडायला साडेतीन. मामेभाऊ वाशीहून गाडी घेऊन आला होता, त्याने रात्रभर चालवली. पेठ नाक्यावर चहाला सुद्धा थांबू दिलं नाही मी. अकराला घरी, आंघोळ, नऊवारी, आणि अक्षता मिळाल्या.

हरवलेल्या बॅगेत थिसिसची छापील प्रत, हिवाळी जॅकेट, पोरांसाठी चॉकलेटं आणि आईने दोन वर्षांपूर्वी इथूनच दिलेला प्रेशर कुकर आहे. आई बाकी कशाचंच विचारत नाही.

तर: १) व्हाउचर घ्यावं का? २) कोल्हापूरच्या तिकिटाचे पैसे कुणाकडे मागायचे? ३) बॅगेसाठी अजून काय करायला हवं?

चहाबाज

युरोपचा नुकसानभरपाईचा नियम युरोपीय कंपन्यांनाच लागू आहे. तुमची आखाती दिसते. जे मिळतंय ते पदरात पाडून घ्या.

राईनवासी

चहाबाज, नाही हो. ही गल्लत फार जण करतात. २६१/२००४ हा नियम कंपनी कुठली यावर अर्धाच अवलंबून आहे. विमान युरोपीय संघातल्या विमानतळावरून *निघत* असेल तर कंपनी कुठलीही असो, नियम लागू. कंपनी कुठली हे बघायचं ते बाहेरून युरोपात *येताना*. म्हणजे हीच मुलगी मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना याच कंपनीने लटकली असती तर काही मिळालं नसतं. ती निघाली फ्रँकफर्टहून. लागू.

कृष्णाकाठची, बटण दाबू नकोस. शेवटच्या मुक्कामी ३ तासांहून जास्त उशीर आणि अंतर ३५०० किलोमीटरच्या वर असेल तर रक्कम ६०० युरो. फ्रँकफर्ट–मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजारांच्या आसपास. उशीर ३ ते ४ तासांमधला असता तर ते निम्मे करू शकले असते, तुझा १९ आहे. आणि याच नियमाच्या ७व्या कलमात स्पष्ट आहे की भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची, व्हाउचर फक्त प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. म्हणून तर ते बटण. १५वं कलम म्हणतं की हे हक्क असे सोडून देता येत नाहीत, पण एकदा दाबलंस की वाद घालत बसावं लागेल. कशाला?

ते आता दोन गोष्टी म्हणतील, तयार राहा. पहिली: 'उशीर आखातात झाला, तो भाग युरोपबाहेरचा.' यावर युरोपीय न्यायालयाचा ३१ मे २०१८ चा निकाल आहे, खटला क्रमांक सी-५३७/१७. बर्लिन–कॅसाब्लांका–अगादीर असा प्रवास, कंपनी युरोपबाहेरची, मधे विमान बदलायचं, आणि गडबड झाली ती कॅसाब्लांकाला. न्यायालयाने सांगितलं, एकाच बुकिंगवर असेल तर सगळा प्रवास एकच धरायचा. तुझंच प्रकरण म्हण ना, आणि तुझा उशीर तर फ्रँकफर्टलाच सुरू झालेला.

दुसरी: 'असाधारण परिस्थिती.' वादळ, हवाई नियंत्रकांचा संप, अशा वेळी भरपाई द्यावी लागत नाही. पण तांत्रिक बिघाड साधारणपणे त्यात बसत नाही, हे २००८ पासून ठरलेलं आहे. विमान सांभाळणं हा त्यांचा रोजचा धंदा.

कृष्णाकाठची

बापरे, धन्यवाद! पण मेलमध्ये पंपाचा उल्लेखच नाही. 'ऑपरेशनल कारणांमुळे' एवढंच लिहिलंय.

राईनवासी

तसंच लिहितात. असाधारण परिस्थिती होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची, तुझी नाही. तू फक्त लिही की कॅप्टनने तांत्रिक बिघाडाची घोषणा केली. शेजारी कोणी बसलं होतं का, त्यांचा नंबर असेल तर ठेव. बोर्डिंग पास टाकले नाहीस ना? विमान माग काढणाऱ्या साइटवरून त्या दिवसाच्या वेळांचा स्क्रीनशॉट आजच घे, फुकटात काहीच दिवस दिसतं.

वकील_नव्हे

राईनवासींनी मुख्य सांगितलंच आहे. दुसऱ्या प्रश्नाचं लिहितो.

हॉटेल आणि जेवण हा ६०० युरोंपेक्षा वेगळा हक्क आहे, आणि तो वादळ असलं तरी मिळतो. रात्रभर अडकलात तर राहण्याची सोय, वाट बघण्याच्या प्रमाणात खाणंपिणं. त्यांनी केली नाही, तुम्ही पदरचे घातलेत, तर पावत्या लावून ते वेगळे मागा. साडेसतरा तासांत एका कूपनावर तुम्ही राहिला नसणार.

कोल्हापूरचं तिकीट वेगळं होतं, त्यामुळे ते २६१ च्या प्रवासात धरत नाहीत. त्यासाठी माँट्रियल करार आहे, आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा. त्याच्या १९व्या कलमात उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान मागता येतं. भारतही या करारात आहे. पण त्यात मेख अशी की ६०० युरो मिळाले तर हे नुकसान त्यातून वजा धरू शकतात. दोन-चार हजारांच्या तिकिटासाठी त्यावर भांडू नका. त्यापेक्षा देशांतर्गत कंपनीला लिहा. तुम्ही चढला नाहीत तरी विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत द्यावे लागतात, हा आपल्याकडचाच नियम आहे. पूर्ण भाडं नाही मिळणार, पण बरेच लोक तेवढंही मागत नाहीत.

झेंडू

मदत काही करता येत नाही, पण आजीने पडद्याला हळद लावली यावर डोळे भरून आले. ताईला शुभेच्छा! कुकर मिळू दे.

पेन्शनीतला_कस्टमवाला

बाळ, बॅगेचं मी सांगतो. आयुष्य त्याच हॉलमध्ये गेलं.

तुला काउंटरवर मिळालेला कागद म्हणजे पीआयआर, बॅग न आल्याची नोंद. त्यावर दहा अक्षरांचा क्रमांक असेल, सुरुवात बीओएमने, म्हणजे मुंबई विमानतळाच्या खुणेने. तो सांभाळ, त्यावरूनच बॅगेचा माग लागतो. पण तेवढ्यावर थांबू नकोस. बॅग मिळाल्यावर २१ दिवसांच्या आत उशिराबद्दल लेखी तक्रार कंपनीकडे जायला हवी. मेल चालेल. फुटकी-तुटकी आली तर तक्रारीला ७ दिवसच. लोक हे सात दिवस 'नंतर बघू' म्हणत घालवतात. आणि २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. आतल्या वस्तूंची यादी आत्ता, आठवतंय तोवर करून ठेव. कुकर लिहायला लाजू नकोस.

दरम्यान कपडे, साबण, ब्रश जे घ्यावं लागलं त्याच्या पावत्या ठेव.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. मागाहून येणाऱ्या बॅगेची कस्टम तपासणी होते, आणि तू तिथे नसतेस. त्यामुळे शुल्कमाफीतला जो भाग तू वापरला नाहीस, त्याचा दाखला विमान कंपनीकडून घेऊन त्यावर कस्टमची सही घ्यायची असते, विमानतळ सोडण्याआधी. तू घेतलास का?

कृष्णाकाठची

काका, नाही घेतला. पहाटे तीन वाजता मुहूर्ताशिवाय काही सुचत नव्हतं. पण काउंटरवरच्या बाईंनी एका फॉर्मवर सही घेतली आणि कुलपाचा आकडा लिहून घेतला.

पेन्शनीतला_कस्टमवाला

मग ते उघडून तपासून पाठवतील. वापरलेलं जॅकेट आणि कुकरवर कोण शुल्क लावतंय. चॉकलेटांची हमी देत नाही, आखातातल्या उन्हाने.

परतीचा_प्रवासी

धाग्याचं अपहरण करत नाही, पण माझाही जवळचाच प्रश्न. पुढच्या महिन्यात डार्मश्टाटहून नागपूरला परततोय. मुंबई–नागपूर वेगळं काढलं तर आठ हजार वाचतात. काढू का? आणि जर्मन बँकेचं खातं निघण्याआधी बंद करायचं असतं ना?

राईनवासी

लग्न-मुंज नसेल तर खुशाल काढ, पण मधे एक रात्र ठेव. तारीख मोडून चालणार नसेल तर सगळं एकाच तिकिटावर घे. मग मुंबईला उशिरा पोचलास तरी नागपूरला पोचवणं त्यांच्या गळ्यात, आणि उशीर नागपूरला मोजतात. फ्रँकफर्टला जाणाऱ्या रेल्वेगाडीलाही तेच लागू. गाडी वेगळ्या तिकिटावर असेल आणि तिच्यामुळे विमान चुकलं तर विमानवाले हात वर करतात. रेल्वे ६० मिनिटांच्या उशिराला गाडीभाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के देते, विमानाचे नाही.

खातं बंद करू नकोस! कृष्णाकाठची, तूही. घराची अनामत परत यायची असते, हीटिंग-पाण्याचा वर्षाचा हिशेब यायला हिशेबाचं वर्ष संपल्यावर १२ महिने लागू शकतात, आणि ही ६०० ची रक्कम आयबॅनवर (म्हणजे तिकडच्या बँकेच्या खाते क्रमांकावर) सरळ येते. आपल्या बँकांना आयबॅन नसतो, त्यांच्या फॉर्ममध्ये ती चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अबमेल्डुंग (देश सोडताना तिथल्या पत्त्याची नोंद रद्द करणं) केलं म्हणून खातं आपोआप बंद होत नाही. फक्त भारतातला पत्ता बँकेला कळव, आणि विद्यार्थी म्हणून माफ असलेलं शुल्क सुरू होणार का ते विचार.

कृष्णाकाठची

अरे देवा. मी बंद करायचा अर्ज गेल्या आठवड्यात पोस्टात टाकलाय. आत्ताच मेल करते बँकेला.

चहाबाज

माझी माहिती चुकीची होती, माफ करा. ते भरपाई मिळवून देणाऱ्या वेबसाइट असतात, त्यांना दिलं तर सोपं पडेल का?

वकील_नव्हे

सोपं पडतं, पण पाव ते तिसरा हिस्सा त्यांचा, कोर्टात गेलं तर आणखी. हे प्रकरण इतकं सरळ आहे की आधी स्वतः एक मेल पाठवून बघावा. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर जर्मनीत प्रवाशांसाठी मध्यस्थी मंडळ आहे, श्लिख्टुंग्सश्टेले. प्रवाशाला फुकट. कंपनी त्याची सभासद नसेल तर बॉनचं संघीय न्याय कार्यालय तेच काम करतं. भारतात बसून ऑनलाइन होतं. घाई नाही, जर्मनीत मुदत ३ वर्षं, तीही ते कॅलेंडर वर्ष संपल्यापासून मोजतात. रविवारची मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही.

कृष्णाकाठची

अपडेट देते, इतक्या जणांनी वेळ दिलात म्हणून.

व्हाउचर नाकारलं. मेलमध्ये बुकिंग क्रमांक, दोन्ही विमानांचे क्रमांक, ठरलेली आणि प्रत्यक्ष पोचण्याची वेळ, ६०० युरो आणि वेगळे ३८ युरो खाण्याचे (चार पावत्या, पाचवी धुण्यात गेली), आयबॅन आणि १४ दिवसांची मुदत एवढंच लिहिलं. हळदीचं लिहिलं होतं, भावाने खोडायला लावलं. म्हणाला त्याला त्यांच्या फॉर्ममध्ये चौकट नाही. अजून पोच सोडून काही आलेलं नाही. आलं की इथेच कळवीन.

बँकेने अर्ज थांबवला. वाचले.

कोल्हापूरच्या तिकिटाचे ९०० च्या आसपास परत येतायत.

आणि बॅग आली, नवव्या दिवशी, कुरियरने थेट घरी. ओढायचा दांडा मोडलाय, त्याचे फोटो त्याच दिवशी पाठवले, काका. चॉकलेटांची एकच मोठी वडी झालीय, भाचे सुरीने कापून खातायत. कुकर शाबूत आहे पण शिट्टी नाही. आईला वाटतंय कस्टमवाल्यांनी काढून घेतली.

पेन्शनीतला_कस्टमवाला

आईंना सांग, आमच्याकडे शिट्ट्या जप्त करत नाहीत. जॅकेटच्या खिशात बघ.

कृष्णाकाठची

डाव्या खिशात, मोज्यात गुंडाळून.