बेडरूममधील जुन्या मोझॅकवर लॅमिनेट फ्लोअरिंग बसवावे का?

घरबदल_ठाणे

नमस्कार. ठाण्यातील आमचा फ्लॅट जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असून दोन्ही बेडरूममध्ये मोझॅक टाइल आहेत. त्या उखडायच्या म्हटल्या तर डेब्रिजची पोती खाली उतरवणे, सोसायटीची परवानगी आणि खालच्या कुटुंबाला होणारा त्रास हे सगळे आलेच; म्हणून त्यांच्यावरच लॅमिनेट टाकण्याचा विचार आहे. एका दुकानदाराने ८ मिमी जाडीची, एसी ३ दर्जाची पट्टी दाखवली. दुसऱ्याचे म्हणणे असे, की १२ मिमीच घ्या, ती जाड असल्यामुळे पाण्याला दाद देत नाही. जाडी आणि हा एसी आकडा यांचा नेमका अर्थ काय? आमच्याकडे लादी रोज पुसली जाते आणि एका बेडरूमला लागून बाथरूम आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काटकोन

दुसऱ्या दुकानदाराचे म्हणणे मान्य करू नका. लॅमिनेटच्या पट्टीत चार थर असतात. सर्वांत वर मेलामाइन रेझिनचा पारदर्शक थर, ज्यात घासून झीज होऊ नये म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात; त्याखाली लाकडाच्या रेषा छापलेला कागद; मध्ये एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनसह उष्णतेने आणि दाबाने घट्ट केलेली फळी; आणि तळाशी पट्टी वाकू नये म्हणून लावलेला समतोल राखणारा थर. ८ आणि १२ मिमीमधला फरक जवळजवळ सगळा त्या एचडीएफमध्ये असतो, आणि पाणी पिऊन फुगतो तोही नेमका तोच थर. जाड पट्टी पायाखाली भरीव लागते, तिचा आवाज कमी येतो आणि शेजारच्या पट्टीत अडकवायच्या कडेच्या खाचेला अधिक जागा मिळते, एवढेच तिचे फायदे आहेत. शिवाय १२ मिमीची पट्टी आणि खालचा २-३ मिमीचा फोम मिळून लादी सुमारे १५ मिमीने उचलली जाते, त्यामुळे दारे खालून कापून घ्यावी लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये सहसा कोणी लिहीत नाही.

एसी हा आकडा पृष्ठभागाच्या झिजेचा आहे. ईएन १३३२९ या युरोपीय मानकानुसार सँडपेपर लावलेली चाके पृष्ठभागावर फिरवून छापील नक्षी कधी झिजू लागते ते पाहतात आणि त्यावरून दर्जा ठरवतात. घरातील बेडरूमला एसी ३ पुरेसा आहे. दिवाणखान्यात वर्दळ असेल तर एसी ४ घ्यावा. त्यापुढचे दर्जे दुकाने-कार्यालयांसाठी असल्याने घरात त्यांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पाण्याबाबत खात्री करायची असेल तर दोन्ही दुकानांतून नमुन्याचे तुकडे मागून घ्या, कापलेल्या कडेची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, तुकडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. हलक्या मालाची कड डोळ्यांना दिसेल इतकी फुगते, बोट फिरवले तर नक्षीच्या कागदाला आलेला उंचवटा हाताला लागतो, आणि वाळल्यावरही ती पूर्ववत होत नाही. ज्याची फूग कमी तो माल घ्यावा, मग तो ८ मिमीचा का असेना.

रत्नागिरीकर

वरील प्रतिसादाशी सहमत. कोकणात तळमजल्यावर लॅमिनेट मी कोणालाही सुचवणार नाही. जमिनीतून ओल चढते, आणि एचडीएफ शेवटी लाकूडच असल्यामुळे वाळवीचीही धास्ती राहते. आपला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असल्याने जमिनीच्या ओलीचा प्रश्न नाही, मात्र बाथरूमला लागून असलेली भिंत नीट तपासा. स्कर्टिंगच्या वर रंगाचे पापुद्रे सुटत असतील किंवा पांढरा क्षार दिसत असेल तर आधी गळतीचे काम करून घ्या. त्या भिंतीलगत लादीवर जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. काढताना आतून दमटपणा दिसला तर लॅमिनेटचा विचार तूर्त सोडावा.

मोझॅकवर काठी आपटून पाहावी. पोकळ वाजणाऱ्या टाइल आधी पक्क्या करून घ्याव्यात आणि दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसेल तिथे लेव्हलिंग करावे. नाहीतर चालताना पट्ट्या दबतात आणि वर्षभरात खाचा सैल होतात.

रोजची लादी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसता येईल, पण बादलीतले फडके निथळत आणून पुसण्याची आपल्याकडची पद्धत सोडावी लागेल. घरकाम करणाऱ्या ताईंना हे पटवणे जमणार नसेल, तर बाथरूमच्या बेडरूमसाठी एसपीसी (स्टोन प्लास्टिक कंपोझिट) फ्लोअरिंग पाहा. ते पीव्हीसी आणि चुनखडीच्या भुकटीचे असल्यामुळे पाण्याने फुगत नाही. पायाला मात्र थोडे कडक लागते.

म्युनिकहून

इकडे जर्मनीत लॅमिनेट घरोघरी दिसते, आणि बरेच जण ते स्वतःच बसवतात. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या या प्रकारात पूर्वी सांध्यांना गोंद लावत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनगोंदाच्या खाचा आल्या आणि काम सोपे झाले. ही लादी खाली कुठेच चिकटवलेली वा ठोकलेली नसते. हवेतील दमटपणानुसार ती अखंड चटईसारखी पसरते आणि आकसते, म्हणून चारही भिंतींपाशी ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. पट्ट्यांची खोकी बसवण्याआधी निदान ४८ तास त्याच खोलीत आडवी ठेवावीत. आपल्याकडे मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत भिंतीला घट्ट भिडवून बसवलेली लादी जुलैत मधोमध उचलली गेली, तर दोष मालाचा नसून बसवणाऱ्याचा समजावा.

घरबदल_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाथरूम नसलेल्या बेडरूममध्ये ८ मिमीचे लॅमिनेट आणि दुसरीत एसपीसी असे ठरवत आहोत. एकच शंका उरते: पहिल्या खोलीत भिंतभर वॉर्डरोब नव्याने करायचा आहे. आधी लादी की आधी वॉर्डरोब?

काटकोन

आधी वॉर्डरोब. सुताराला तो मोझॅकवरच उभा करू द्या आणि लॅमिनेट त्याच्या पायापर्यंत आणून तिथेही १० मिमीची फट सोडा, वरून पट्टी मारता येते. भरलेल्या वॉर्डरोबखाली लादी दबली, की त्या बाजूने ती सरकू शकत नाही आणि समोरच्या बाजूचे सांधे उघडतात. पलंग किंवा सुटे कपाट वर ठेवायला हरकत नाही. माल मागवताना वॉर्डरोबची जागा वजा करून उरलेल्या क्षेत्रफळात ८ ते १० टक्के तुटफूट धरा, आणि उरलेल्या चार-पाच पट्ट्या माळ्यावर आडव्या ठेवून द्या. त्याच छटेचा माल पुढे मिळेलच असे नाही.