बाहोफोंदोचा 'मार दुल्से': पाहुण्यांच्या गर्दीत टँगो हरवला का?

कोमलगंधार
बाहोफोंदो हा अर्जेंटिना-उरुग्वेचा, गुस्ताव्हो सांताओलायाचा संच. टँगो अधिक इलेक्ट्रॉनिक ठेका ही त्यांची ओळख. बँडोनियन (पेटीसारखं भात्याचं वाद्य), व्हायोलिन, पियानो सगळं घरचंच. तरी २००७ च्या 'मार दुल्से' या अल्बममध्ये पाहुण्यांची रीघ लागलीय. एल्व्हिस कॉस्टेलो, नेली फुर्टाडो, मेक्सिकोची हुलिएता व्हेनेगास, स्पेनची रॅपर माला रोद्रिगेस. प्रत्येकाचा बाज वेगळा, आणि ज्याच्यासाठी मी ऐकायला बसतो तो टँगोच मागे पडतो.

त्याहून सलतो तो ड्रम. जुन्या टँगो वाद्यवृंदात ड्रम सहसा नसायचाच. ठेका पियानोचा डावा हात आणि डबल बास सांभाळायचे, म्हणून तो गायकासाठी क्षणभर थांबायचा. यंत्र कुणासाठी थांबत नाही.

पेटीवेडा
बँडोनियन तरी कुठे तिथलं? जर्मनीहून आलं. आपल्याकडे १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आज पेटीशिवाय बैठक सुरू होत नाही. आणि ठेक्याचं म्हणाल, तर १९३० च्या दशकात टँगो वाद्यवृंद चालवणाऱ्या हुआन दारिएन्सोने ठेका कडक केला म्हणूनच नाचणारे परत आले ना?

कोमलगंधार
वाद्य परकं म्हणून माझी तक्रार नाहीच. पेटीवाला गायकाच्या मागे जातो, त्याची जागा ऐकून भाता हलवतो. दारिएन्सोच्या वाद्यवृंदातही माणसंच होती.

पाऊलवाट
मी टँगो नाचायला शिकतेय, मला हे पटतं. थांबणं ही टँगोतली अर्धी चाल आहे. या अल्बममधलं 'पा बायलार' लागलं की पाय आपोआप सुटतात, पण थांबायला जागा सापडत नाही. र्योता कोमात्सुचं बँडोनियन मात्र सुरेख आहे, पाहुणा असूनही.

दर्याकाठ
ड्रम टँगोला परका, हे मला अजिबात मान्य नाही. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत कांदोम्बे हे ढोलांचं संगीत जपलं. त्यात तीन ढोल: चिको, रेपिके आणि पियानो. हो, ढोलाचंच नाव पियानो. टँगोच्या मुळाशी हे लोक आहेत. ढोल नंतर वाद्यवृंदातून गेला, मुळातून नाही.

आणि तुमच्या यादीत लाग्रिमा रिओस कशी नाही? उरुग्वेची कृष्णवर्णीय गायिका, टँगो आणि कांदोम्बे दोन्ही गाणारी. डिसेंबर २००६ मध्ये ती गेली. याच अल्बममधलं तिचं 'चिकिलिनेस' श्रोत्यांपर्यंत पोचलं तेव्हा ती नव्हती. ऐंशी ओलांडलेला तो आवाज हेडफोन लावून ऐका. तिला पाहुणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या घरात पाहुणे असतील तर बाकीचे सगळे.

कोमलगंधार
लाग्रिमाचं नाव राहिलं, ही चूक माझीच. तिच्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पण कांदोम्बेचे ढोल माणसं वाजवतात, एकमेकांचं ऐकत. एकाने डिवचलं की दुसरा उत्तर देतो. संगणकावरची तीच ती थाप त्या ढोलांची वारस कशी?

दर्याकाठ
थाप संगणकाची असेल, पण तिच्यावर व्हायोलिन ओढणारा, बँडोनियनचा भाता दाबणारा माणूसच आहे. 'चिकिलिनेस' ऐकून या, मग बोलू.

कोमलगंधार
आज रात्री ऐकतो. कॉस्टेलोचं गाणं मात्र वगळूनच.