कॅसेट पाहून घराणं ठरतं का?

कृष्णाकाठ:
काल यारातीर यांनी लिहिलं की हाँगकाँगचे गुरू इप मॅन यांचे शिष्य विल्यम च्युंग यांच्या शिकवणीच्या व्हिडिओ कॅसेटी ओळीने पाहिल्या की खरं विंग चुन (दक्षिण चीनमधली हातापायांनी लढायची कला) कोणतं ते डोळ्यांनाच कळतं, इप मॅनच्या बाकी शिष्यांकडे आहे ते अर्धवट. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

च्युंग यांचा दावा असा: जुना गुरू ल्युंग जॅन याने पदन्यासाचं मर्म आपला शिष्य आणि इप मॅनचा पहिला गुरू चॅन वा-शुन याला दिलं नाही, मुलगा ल्युंग बिकला दिलं. बिककडून ते हाँगकाँगला शाळेत असलेल्या इप मॅनला मिळालं, आणि इप मॅनने ते एकट्या च्युंगना दिलं, आपण जिवंत असेपर्यंत वाच्यता करायची नाही या अटीवर. या शेवटच्या देवघेवीला दावा करणाऱ्याखेरीज साक्षीदार नाही. मग कॅसेट काय सांगते? च्युंग दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून समोरच्याच्या बगलेला सुरेख सरकतात, एवढंच. ते कुणी शिकवलं हे फितीवर उमटत नाही. चांगले पाय माणूस स्वतःच्या मेहनतीनेही कमावतो.

यारातीर:
कृष्णाकाठ, तुम्ही माझं अर्धंच वाक्य घेतलंत. चालीत घराणं दिसतंच. गवय्याने दोन ताना घेतल्या की जाणकार घराणं ओळखतो, तेव्हा कागदपत्रं मागत नाही. च्युंग यांच्याकडे हात आणि पाय एकाच विचाराने चालतात. इतरांकडे हात विंग चुनचे, पाय मात्र खिळलेले. मी मेलबर्नला राहतो, या पद्धतीत सहा वर्षं शिकलोय. नुसत्या कॅसेटी पाहून बोलत नाही.

अनवाणी:
मग काल कॅसेटी पुरेशा आहेत असं का लिहिलंत?

आणि फीत हाच पुरावा असेल तर १९७२ची फीत पाहा. मृत्यूच्या थोडे दिवस आधी इप मॅन स्वतः ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. स्यू निम ताओ आणि चम किउ हे हालचालींचे ठरलेले पहिले दोन संच, लाकडी बाहुल्यावरचे डाव, सगळं आहे. चम किउत वळताना वजन कुठे जातं ते बघा.

यारातीर:
७९ वर्षांचे, घशाच्या कर्करोगाने खंगलेले गृहस्थ. त्या पायांवरून अख्खी परंपरा मापायची? त्यात बिऊ जी हा तिसरा संच नाहीच. म्हणजे सगळं दाखवायचं नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

अनवाणी:
बिऊ जी दाखवलं नाही म्हणून गुप्त पदन्यासही होता? न दाखवलेल्या गोष्टीतून हवं ते काढता येतं. फितीचंच बोलायचं तर १९८६ची कोलोनची फीतही काढा. च्युंग यांच्या शिबिरात विंग चुनच्याच दुसऱ्या गटाचा एमिन बोझटेपे शिरला आणि त्यांना जमिनीवर घेतलं. तेव्हा बगलेला सरकणारे पाय कुठे होते?

यारातीर:
याचीच वाट पाहत होतो. दरवेळी कोलोन! पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस शिकवतोय, विशीतला पोरगा अंगावर धावून जातो, आणि तुम्ही त्याला सामना म्हणता? त्याच्या गटाने ती फीत जगभर फिरवली. लाज वाटायला हवी होती.

जुना_तालीमवाला:
यारातीर, तुमचा राग समजतो. पण ज्याने जाहीरपणे 'बाकीच्यांना अर्धंच मिळालं' म्हटलं, त्याच्या दारात कुणीतरी येणारच. हाँगकाँगच्या गच्च्यांवर आव्हान देऊन लढणं हेच चालायचं, इप मॅनचेच शिष्य वाँग श्युन-ल्युंग यांचं नाव त्यातूनच झालं. आमच्या तालमीतही नव्या वस्तादाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी अंगाला अंग लावून बघायचाच.

कृष्णाकाठ:
कोलोनवर पंधरा प्रतिसाद होतील आणि मूळ मुद्दा बुडेल. तिथे कोण खाली पडलं यावरून ल्युंग बिक होता की नव्हता हे ठरत नाही, अनवाणी. तुम्हीही तीच चूक करताय.

मी कॅसेटींना का भितो ते सांगतो. १९९३ साली मामाने अमेरिकेहून दोन कॅसेटी आणल्या. आमच्या व्हीसीआरवर चित्र काळंपांढरं दिसायचं आणि वरखाली पळायचं. तरी भाऊ आणि मी दोन वर्षं रोज पहाटे गच्चीवर केलं. शिकवणारा आपल्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे आरशात बघितल्यासारखं आम्ही सगळं उलट्या बाजूने केलं. स्यू निम ताओ डाव्या हातापासून सुरू होतं, आम्ही उजव्यापासून करत राहिलो. पुढे पुण्यात जाणकार माणूस भेटला. त्याने माझ्या मनगटाला मनगट लावलं, म्हणजे ची साओ, समोरच्याचा जोर स्पर्शाने ओळखायचा जोडीचा सराव. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, खांद्यातून ढकलतोयस. दोन वर्षांत टीव्हीने हे सांगितलं नव्हतं, सांगूच शकत नव्हता. भावाने त्या दिवसापासून सोडलं ते सोडलंच. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जुना_तालीमवाला:
हे वाचून गलबललो. आता यावरही बोला, की दोन दिवसांच्या शिबिराला पैसे भरून लोक भिंतीवर वंशावळ लावतात. माझ्या मुलाच्या क्लासात इप मॅनपासून थेट त्यांच्या सरांपर्यंत रेघ काढलेला तक्ता आहे. फी भरताना पालक तोच बघतात. मुलाचा गुडघा आत वळतो हे सहा महिन्यांत सरांच्या लक्षात आलं नाही.

यारातीर:
कृष्णाकाठ, स्पर्शाचा मुद्दा मान्य, तो मी नाकारलाच नव्हता. कॅसेटी 'पुरेशा' म्हणणं चुकलं, तो शब्द मागे घेतो. काल रात्री ८ मिलिमीटरची फीत पुन्हा लावली, यावेळी हात झाकून फक्त पाय पाहिले. चम किउत वळताना वजन मागच्या पायावर जातं, हेही दिसलं. माझ्या शिक्षकांच्या पायात तसं जात नाही. म्हणजे वेगळेपणा आहे. तो ल्युंग बिककडून आला असं मला अजूनही वाटतं.

अनवाणी:
वाटतं म्हणालात, दिसतं नाही. मला तेवढं पुरे.