माळ्यावर सेतूची वही सापडली. तुमच्याकडे मागे राहिलेला अभ्यास कसा भरून काढलात?

दिवाळीचा माळा काढायला घेतला आणि धाकट्याची सेतूची वही हाताला लागली. सेतू म्हणजे करोनात मागे राहिलेला अभ्यास भरून काढायचा सरकारी अभ्यासक्रम. झेरॉक्सची पानं, दाभणाने शिवलेली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात तारीख, १ जुलै २०२१. स्टुलावरच बसून राहिले.

मार्च २०२० ला शाळा बंद झाली तेव्हा त्याची पहिली संपत आली होती. दुसरी अख्खी घरात गेली. स्मार्टफोन एकच, तो ह्यांच्याकडे टेम्पोवर. ग्रुपवर अभ्यास सकाळी दहाला पडायचा, फोन घरी यायचा रात्री नऊला. तोवर लेकरू झोपलेलं. सह्याद्रीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, पण नेमकी त्या वेळेला लाइट जायची.

एकदा किराणाच्या पुड्यावरचं वाच म्हटलं. ‘साखर’. सा ओळखला, ख वर बोट ठेवून थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, “मला येत होतं गं आई.”

खरंच येत होतं. पहिलीत पाट्या वाचत जायचा रस्त्याने.

मग सेतू आला. ४५ दिवस, १४ ऑगस्टपर्यंत, मध्ये तीन चाचण्या. आधी मागच्या इयत्तेचं भरून काढायचं आणि मग पुढे जायचं. फाइल फोनवर आली होती, ती छापून घ्यायला पानाला दोन रुपये. शेजारची बीएस्सीची पोरगी गॅलरीत पाच मुलं घेऊन बसायची, एक पैसा घेतला नाही तिने. घरचं मात्र मलाच बघायचं होतं आणि माझं शिक्षण सातवी. हातच्याची वजाबाकी मी आदल्या रात्री स्वतः करून बघायचे आणि सकाळी त्याला सांगायचे.

आता तो सातवीत आहे. पुढच्या वर्षी माझ्या पुढे जाईल.

तुमच्याकडे कोण बसलं लेकरापाशी? घाईत लिहिलंत तरी चालेल.

कोकणकडा
‘येत होतं गं आई’ वर डोळे भरले. शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही, वरणाचा गाळ झालाय.

गुरुजी चौथीचे
झेडपीवर आहे, वाडीची शाळा. सेतू चांगला होता, पण आमच्या काही पोरांना मागच्या इयत्तेचाही जड जात होता. १ डिसेंबर २०२१ ला गावाकडची पहिली ते चौथी उघडली. चौथीला चार ओळींचा परिच्छेद दिला तर निम्मी पोरं अक्षरांवर अडलेली. मग इयत्ता बाजूला ठेवली. अक्षरवाले एका चटईवर, शब्दवाले दुसऱ्या, मग परिच्छेदवाले, मग गोष्टवाले. ‘प्रथम’ने बसवलेली पद्धत आहे ही, करोनाच्या कितीतरी आधीची.

त्यात दुसरीतली एक मुलगी गोष्टवाल्यांत गेली आणि चौथीतला तिचा भाऊ शब्दवाल्यांत. तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी घरी गेलो तर गोठ्यात म्हशीच्या मागे लपलेला. काही बोललो नाही, शेण भरू लागलो त्याच्याबरोबर. मग म्हणाला, “सर, तिच्यासमोर नका वाचायला लावू.” ही चूक माझी होती. बहीणभावांच्या चटया एकमेकांसमोर टाकायच्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशीपासून शब्दवाल्यांना व्हरांड्यात नेलं. जानेवारीत शाळा परत बंद झाली तेव्हा तो परिच्छेदावर आला होता.

टोळीतला
आमची शाळा करोना नसतानाही दर वर्षी सहा महिने बंद. दसरा झाला की ट्रॅक्टर दारात. आईबाप ऊसतोडीला, दोघं मिळून एक कोयता, मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खाल्लेली. मी दुसरी ते चौथी कारखान्याच्या तळावर. एक वर्ष साखरशाळा होती, पाचटाची कोप आणि एक सर. पुढच्या वर्षी तीही नव्हती. एप्रिलला गावात यायचो तर फळ्यावर अपूर्णांक, आणि मी पाढ्यांवर.

पाचवीला आजी हटून बसली, हा माझ्यापाशी राहील म्हणून. हंगामी वसतिगृह निघालं होतं गावात. जेवण तिथे, झोपायला आजीजवळ. एक सर संध्याकाळी आम्हा सात-आठ जणांचे मागचे पाढे घ्यायचे, कंदिलावर. त्या एका हंगामात मी वर्गाला गाठलं.

पण आजीला एकच पेलवणार होता. बहीण टोळीबरोबर गेली, धाकट्याला सांभाळायला. चौथीवर थांबली. वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि राहिलेलं शिकवायला विशेष प्रशिक्षण द्या, हे शिक्षण हक्क कायद्याने लागू झालं २०१० ला. तोवर तिचं लग्न झालं होतं. मी आज बँकेत आहे. ती पासबुक घेऊन येते, सही करते, आकडे मला विचारते.

धारूरची
दादा कुठलं गाव? दसऱ्यानंतर आमचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मला लहानपणी वाटायचं सगळे मामाच्या गावाला गेलेत.

टोळीतला
वडवणीकडचे आम्ही. तुमच्याकडची सीताफळं आली का यंदा?

धारूरची
आली, पण पावसाने काळी पडलीत. भाऊ तरी पाठवतोच एक पेटी. बहिणीला सांगा, पासबुक घेऊन आली की एक-एक रकाना तिलाच वाचायला लावा. माझ्या काकूला असंच शिकवलं आम्ही.

चार घरची
माझं वेगळं आहे. पोरगी गरिबांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी शाळेत. फी नाही, पण वर्गात बाकी सगळ्यांना बाहेर क्लास, त्यामुळे बाई पुढेच पळतात. शाळेचं नाव नको. मागे राहणाऱ्यांसाठी जादा तास ठेवला दुपारी दोन ते तीन. तो संपल्यावर न्यायला आईबापच पाहिजे. मी त्या वेळेला तिसऱ्या घरी भांड्याला. नवरा वॉचमन, दिवसपाळी. पाच वेळा पाठवली, मग जमलं नाही.

घरी चिठ्ठी आली, इंग्रजीत. तिनेच वाचून दाखवली, आठ वर्षांची पोर. छान वाचलं म्हणून मी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कामाच्या घरी ताईंना दाखवली, तर शेवटची ओळ पोरीने गाळली होती. ‘पालकांना रस नाही’ असं लिहिलं होतं.

रस नाही म्हणे. पहाटे चारला उठते मी.

कोकणकडा
अगं बाई. पोरीने तुझ्यासाठी गाळली ती ओळ. जवळ घे तिला.

गुरुजी चौथीचे
ताई, हे वाचून शिक्षक म्हणून लाज वाटली. जादा तास कधी ठेवायचा हे पालकाला आधी विचारायचं असतं. आमच्या वाडीत सगळे रानात, म्हणून आम्ही सकाळी शाळेआधी घेतो. माता पालक गटाच्या बायांनीच वेळ ठरवली. तुम्हीही लेखी द्या, मराठीतच द्या, की मला सकाळची वेळ चालेल.

चार घरची
दिलं सर. उत्तर नाही अजून. सध्या वस्तीतली एक दीदी साडेसहाला घेते, पाणी यायच्या आधी. तिथे हसत जाते.

ओट्यावरचा
असरच्या पाहणीला दोनदा गेलोय, गावोगाव. मुलांना वाचता येतं का ते घरोघरी जाऊन बघतात त्यात. ओट्यावर बसून मुलाच्या हातात वाचायचा कागद द्यायचा आणि गप्प राहायचं. आई दारात उभी असते, तिचे ओठ हलत असतात मुलाऐवजी. ते बघवत नाही.

देशभरातल्या खेड्यांत पाचवीतली जी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात ती २०१८ ला जवळजवळ निम्मी होती. २०२२ ला ४२.८ टक्के, २०२४ ला ४८.८. आकडा परत वर आला याचा आनंद आहेच. पण वर आली ती नंतरच्या तुकडीतली मुलं. २०२२ ला पाचवीत होती ती आज आठवीत आहेत, त्यांचं काय झालं ते या आकड्यात नाही. आणि २०१८ ते २०२२ या चार वर्षांत पैसे भरून शिकवणी लावणारी मुलं २६.४ वरून ३०.५ टक्क्यांवर गेली. ज्यांना परवडलं त्यांनी विकत घेतलं. बाकीच्यांना तुमच्या शेजारची बीएस्सीवाली भेटली तर भेटली.

गिरणगावकर
माझ्या आईने बेचाळिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी दिली. माझा अभ्यास घेता घेता तिचाच झाला. गणितात ३६! पेढे अख्ख्या चाळीत वाटले, माझ्या वेळेला इतके नव्हते वाटले. धागाकर्त्या ताई, पुढच्या वर्षी आठवीची पुस्तकं घरात येणारच आहेत.

कोकणकडा
१७ नंबर अजून भरता येतो का? जावेसाठी विचारतेय, हुशार आहे गं ती.

गिरणगावकर
येतो, ऑनलाइन. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हरवला असेल तर आधी शाळेतून दुसरी प्रत काढून ठेवा, त्यातच वेळ जातो.

कोकणकडा
सांगते तिला. शाळा देवरुखला होती तिची, दिवाळीत जाणारच आहोत.

धागाकर्ती
सगळं वाचलं, दळण टाकून आल्यावर परत वाचलं. चार घरची ताई, तुमच्या पोरीला माझा पापा.

संध्याकाळी धाकट्याला वही दाखवली. चाळली, स्वतःच्या अक्षराला हसला. मग म्हणाला खालच्या मजल्यावरची परी अजून जोडाक्षरांवर अडते. मी भाकरी उलटेपर्यंत वही नेऊन दिली पण तिला. मला ठेवायची होती.

धारूरची
फोटो तरी काढायचा ना!

धागाकर्ती
पहिल्या पानाचा काढलाय, तारखेचा.